अर्धं घर घेताना आख्खी जोडी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही लंडनच्या वेंब्लीत भाड्याने राहता आणि आता घर घ्यायचं ठरवलंय. तीन सेमी-डिटॅच्ड घरं, म्हणजे एका सामाईक भिंतीने जोडलेल्या दोन घरांपैकी एकेक, पाहिलीत: वॉटफर्डकडचं १८९०च्या दशकातलं, रेनर्स लेनचं १९३४चं आणि साउथ हॅरोकडचं १९५०चं, जे पूर्वी काउन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं होतं. सासू-सासरे दरवर्षी पाच महिने येऊन राहतात, सासऱ्यांना गुडघ्यांमुळे जिना नको. आणि तेच पुण्याहून सांगताहेत की सामाईक भिंत म्हणजे जन्माची कटकट, स्वतंत्र बंगलाच घ्या. तुम्हाला विचारायचंय की या तीन ‘स्टाईल’मध्ये जास्त चांगली कुठली.

मी गेली बावीस वर्षं वायव्य लंडनमध्ये घरांचे सर्व्हे, म्हणजे खरेदीआधीची तपासणी, करते आहे. त्यातली बहुतेक घरं सेमीच. म्हणून आधी प्रश्नच थोडा वळवून घेते. स्टाईल दर्शनी भागाची असते. तुम्ही पैसे मोजणार आहात ते एका इमारतीच्या अर्ध्या भागासाठी. उरलेला अर्धा भाग दुसऱ्याच्या मालकीचा आहे, पण पाया, मधली भिंत, छप्पर आणि कधीकधी धुराडंसुद्धा दोघांचं एकच आहे. घर कुठल्या काळातलं आहे हे कळलं की दोघांमध्ये नेमकं काय सामाईक आहे आणि ते किती भक्कम आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. इतिहास मला कामाला येतो तो यासाठी.

सासऱ्यांची भीती अनाठायी नाही, पण एक गोष्ट त्यांना जरूर सांगा. सेमी म्हणजे इथे बंगला न परवडणाऱ्यांनी केलेली तडजोड नव्हे, ती इथली सर्वसाधारण राहणी आहे. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधली ३१.५ टक्के कुटुंबं, म्हणजे सुमारे ७८ लाख, सेमी-डिटॅच्ड घरात राहत होती. दुसऱ्या कुठल्याही प्रकारात इतकी कुटुंबं नव्हती.

आणि सुरुवात तर चांगल्या सधन वस्तीतून झाली. लंडनच्या सेंट जॉन्स वुडमध्ये आयर कुटुंबाची जमीन होती. तिचा १७९४चा एक आराखडा आहे, त्यात दोन-दोन घरांच्या जोड्या बागेत सुट्या मांडलेल्या दिसतात. तोपर्यंत शहरातला श्रीमंत माणूससुद्धा ओळीतल्या घरात राहायचा. तो आराखडा जसाच्या तसा उतरला नाही, पण पुढच्या काही दशकांत त्या भागात जोडव्हिला उभे राहिले. जॉन क्लॉडियस लाउडन या बागतज्ज्ञाने बेजवॉटरच्या पोर्चेस्टर टेरेसवर १८२३ ते १८२५ दरम्यान अशीच एक जोडी बांधली आणि तिच्यातल्या एका अर्ध्यात तो स्वतः राहिला. मध्यभागी काचेचा घुमट आणि दारं दोन्ही कडांना, त्यामुळे समोरून पाहिलं तर एकच मोठा बंगला वाटावा. दोन मध्यम घरांना मिळून एका मोठ्या घराचा रुबाब द्यायचा, ही युक्ती तिथून जी सुरू झाली ती आजच्या नव्या वसाहतींपर्यंत टिकून आहे.

त्याच काळात खेड्यांत जमीनदार मंडळी मजुरांसाठी जोडखोपटी बांधत होती. डॉर्सेटमधलं मिल्टन अ‍ॅबस बघा, १७८०च्या आसपास वसवलेलं, पांढऱ्या भिंती आणि गवती छपरांच्या जोड्यांची रांग. तिथे कारण साधं होतं: एक भिंत वाचते, धुराडं एकच लागतं, आणि तरीही प्रत्येक घराला तीन बाजूंनी उजेड-वारा मिळतो व अंगणात बाजूने जाता येतं. म्हणजे श्रीमंताला रुबाब हवा होता, जमीनदाराला काटकसर, आणि दोघांना उत्तर एकच सापडलं.

आता तुमच्या तीन घरांकडे येऊ.

वॉटफर्डचं घर व्हिक्टोरियन काळाच्या शेवटचं. भिंती नऊ इंची भरीव विटेच्या, विटांमधल्या दर्जा (सांधे) चुन्याच्या, छपरावर पातळ दगडी स्लेट. विटांची रचना बघितलीत तर लांब बाजूच्या मध्ये मध्ये विटेची छोटी डोकी दिसतील. डोकी दिसली की समजायचं, भिंत भरीव आहे, आत पोकळी नाही. अशी भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते, तिला श्वास घ्यायला चुना लागतो. तिथे कुणी सिमेंटने दर्जा भरल्या असतील किंवा बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला असेल, तर आत खोलीत ओल येणारच, मग कितीही रंग द्या. जोडीसाठी खास बघायचं ते छपरावर. अनेकदा एका मालकाने स्लेट काढून काँक्रीटची कौलं घातलेली असतात, शेजाऱ्याने नाही. काँक्रीट स्लेटपेक्षा बरंच जड. वासे त्या वजनासाठी केलेले नसतात, त्यामुळे आधार दिला नसेल तर छप्पर मध्ये बसतं. आणि जिथे दोन प्रकारची कौलं भेटतात तिथली खाच नीट केली नसेल तर पाणी नेमकं सामाईक भिंतीत उतरतं. त्या रेषेचा फोटो रस्त्याच्या पलीकडून काढा आणि मोठा करून बघा.

रेनर्स लेनच्या घरावर जरा जास्त लिहिते, कारण या भागात येणाऱ्या आपल्या बहुतेक लोकांच्या वाट्याला हेच घर येतं.

पहिल्या महायुद्धानंतर दोन गोष्टी घडल्या. १९१८मध्ये घरं कशी असावीत यावर ट्युडर वॉल्टर्स या सरकारी समितीचा अहवाल आला: एका एकरात शहरात बाराच घरं, समोरासमोरच्या घरांत सत्तर फूट अंतर, प्रत्येक घरात ऊन. १९१९च्या कायद्याने काउन्सिलांना सरकारी मदत देऊन त्या बेताची घरं बांधायला लावली. एकराला बाराचं माप धरलं की जोडघरं आणि छोट्या रांगा आपोआपच येतात. दुसरीकडे मेट्रोपॉलिटन रेल्वेकडे रुळांच्या कडेची जमीन होती. तिने या पट्ट्याला ‘मेट्रोलँड’ असं नावच देऊन टाकलं, जाहिराती केल्या आणि १९१९पासून घरांच्या वसाहती वसवायला घेतल्या. १९३२मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा दर २ टक्क्यांवर आला, मजुरी आणि सामान स्वस्त होतं, बिल्डिंग सोसायट्या, म्हणजे इथल्या घरकर्ज देणाऱ्या संस्था, कर्ज द्यायला उत्सुक होत्या. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ४० लाख घरं झाली. हॅरो, पिनर, रेनर्स लेन इथली शेतं त्यातच संपली.

या घरांची नक्षी काउन्सिलच्या घरांपासून वेगळं दिसावं म्हणून होती. काउन्सिलची घरं साधी, चौकोनी खिडक्यांची. मग खासगी बिल्डरने वर छपराखाली त्रिकोणी भिंत, म्हणजे गेबल काढलं, त्यावर काळ्या लाकडी पट्ट्या मारल्या, भिंतीबाहेर आलेली दोन मजली गोल खिडकी, म्हणजे बे-विंडो दिली, दारात रंगीत काच बसवली, फाटकावर उगवता सूर्य कोरला. त्या काळ्या पट्ट्या सोळाव्या शतकातल्या लाकडी सांगाड्याची आठवण करून देतात, पण इथे त्यांचा आधाराशी काही संबंध नाही. गिलाव्यावर ठोकलेल्या फळ्या आहेत त्या. कुजल्या तरी घर पडणार नाही, मात्र त्यांच्यामागे पाणी शिरतं. त्यामुळे सर्व्हेअरने ‘पट्ट्या खराब’ लिहिलं तर घाबरू नका, फक्त मागचा गिलावा पोकळ वाजतोय का ते विचारा.

बे-विंडोबाबत मात्र मी कडक आहे. वरच्या बेचं वजन, वरून गेबल असेल तर त्याचंही, बऱ्याच घरांत मूळ लाकडी खिडक्यांच्या जाड खांबांवर उभं असतं. पुढे कुणीतरी लाकडी खिडक्या काढून प्लॅस्टिकच्या बसवल्या. कोपऱ्यात धातूचे आधारखांब घातले नाहीत, तर वजन प्लॅस्टिकच्या चौकटीवर येतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका घरात मी वरच्या खोलीत गोटी जमिनीवर ठेवली, ती सरळ बेच्या कोपऱ्याकडे धावत गेली. खाली खिडकी उघडायला जोर लागत होता आणि बे जिथे मुख्य भिंतीला मिळते तिथे वरून खाली रुंदावत जाणारा तडा होता. खिडक्या बसवणाऱ्याने आधारच दिला नव्हता. दुरुस्तीचा खर्च खरेदीदाराने किमतीतून वळता करून घेतला, पण तो तडा दिसला म्हणून. २००२नंतर बदललेल्या खिडक्यांचं प्रमाणपत्र विक्रेत्याकडे मागा आणि बेच्या कोपऱ्यात आधारखांब आहेत का, असं स्पष्ट लेखी विचारा.

आता जोडीचा मुख्य मुद्दा. रस्त्यावर उभं राहून दोन्ही घरांची दारं बघा. दोन्ही दारं मधोमध, एकमेकांशेजारी असतील तर मधल्या भिंतीला दोन्हीकडून हॉल (इथे हॉल म्हणजे दारातली बोळासारखी जागा, बैठकीची खोली नव्हे) आणि जिने लागलेत. एजंट याला ‘हॉल्स अ‍ॅडजॉइनिंग’ म्हणतात आणि त्यासाठी थोडी जास्त किंमतही सांगतात. दारं दोन टोकांना असतील तर बसायच्या आणि झोपायच्या खोल्या भिंतीला भिंत लावून आहेत. मधली भिंत नऊ इंच भरीव विटेची असली तरी मजल्याची लाकडं दोन्हीकडून तिच्यातच रोवलेली असतात, म्हणून आवाज हवेतून कमी आणि लाकडातून जास्त येतो. टीव्हीचं बोलणं ऐकू येणार नाही, पण कपाटाचं दार आपटलं की कळेल. हॉल मध्ये असले तर जिन्यावरची धावपळ ऐकू येते, झोपायची खोली मात्र शांत राहते. धुराडंही याच हिशोबाने बदलतं. बसायच्या खोल्या लागून असतील तर बहुधा छपराच्या मधोमध एकच जाड सामाईक धुराडं असतं. हॉल लागून असतील तर बहुधा दोन टोकांना दोन.

सामाईक धुराडं असेल तर आतला फायरप्लेस कुणी काढलाय का ते विचारा. खाली जागा हवी म्हणून लोक धुराड्याचा खालचा भाग तोडतात, वरचा टनभर विटांचा भाग तसाच ठेवतात. त्याला काय आधार दिला, आणि काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलचं, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या विभागाचं, पूर्तता प्रमाणपत्र आहे का, हे दोन्ही घरांबाबत कळायला हवं. शेजाऱ्याने त्याच्याकडचं तोडलं असेल तर तुमच्या वाट्याचा भार तिरका झालेला असतो.

माळ्यावर चढल्याशिवाय मी सेमीचा अहवाल लिहीत नाही. हॅरोतल्या एका १९३०च्या दशकातल्या घरात माळ्यावर डोकं वर काढलं आणि मोहरी-हिंगाच्या फोडणीचा वास आला. खाली तर घर रिकामं होतं. टॉर्च मारला तर मधल्या भिंतीच्या वरच्या टोकाला, छपराच्या उताराखाली, चार-पाच थर विटाच नव्हत्या. पलीकडच्या माळ्यातल्या सुटकेसा दिसत होत्या. वास येतो तिथून धूरही येतो आणि आगही. काम फार मोठं नाही, गवंड्याचं एका दिवसाचं, पण दोन्ही घरांच्या संमतीने करायचं असतं आणि खरेदीच्या आधी ठरवलेलं बरं. सर्व्हेअर माळ्यावर जाणार नसेल तर दुसरा शोधा.

रेनर्स लेनला आणखी एक सामाईक गोष्ट निघेल. त्या काळातल्या घरांत मागच्या गॅरेजकडे जायला अरुंद वाट असते आणि ती दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याबरोबर वाटलेली असते. भिंत एका शेजाऱ्याबरोबर, रस्ता दुसऱ्याबरोबर. आजची गाडी तिथून जेमतेम जाते किंवा जातच नाही. मालकीच्या कागदांत त्या वाटेचा हक्क कसा लिहिलाय ते वकिलाकडून वाचून घ्या, कारण बाजूला बांधकाम करायचं म्हटलं की सगळं तिथेच अडतं.

आणि माती. त्या पट्ट्याखाली लंडन क्ले आहे, उन्हाळ्यात आकसणारी, पावसात फुगणारी चिकणमाती. १९३०च्या दशकातले पाये उथळ आहेत. मोठं झाड जवळ असेल तर घर हलू शकतं. जोडीतल्या एकाच घराच्या पायाखाली काँक्रीट भरून घेतलं असेल, तर एक अर्धा स्थिर आणि दुसरा हलता राहतो आणि तडा मधोमध पडतो. म्हणून फक्त तुमच्या घराचा नव्हे, शेजारच्या घराचाही विम्याचा आणि अंडरपिनिंगचा, म्हणजे पायाखाली असं काँक्रीट भरल्याचा, इतिहास विचारा. शेजाऱ्याने सांगायलाच हवं असं नाही, पण दार वाजवून नम्रपणे विचारलं तर बहुतेक लोक सांगतात, असा माझा अनुभव आहे.

तिसरं घर तुम्ही ‘फक्त स्वस्त आहे म्हणून’ यादीत ठेवलंय असं लिहिलंत. मला तेच सगळ्यात आधी नीट बघावंसं वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अनायरिन बेव्हन आरोग्यमंत्री होते आणि गृहनिर्माणही त्यांच्याकडेच होतं, तेव्हा त्यांनी काउन्सिलच्या घरांचं माप वाढवलं. तीन झोपायच्या खोल्यांचं घर युद्धाआधी ७५० चौरस फुटांच्या आसपास असायचं, ते ९००च्या आसपास गेलं, आणि वरच्याबरोबर खालीही संडास असावा असा आग्रह धरला गेला. तुमचं घर १९५०चं आहे. जिन्याखाली किंवा मागच्या दाराजवळ खाली संडास असेल, नंतर मोडला असला तरी त्याची पाइपलाइन सापडेल. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हे रंगीत काचेपेक्षा मोलाचं आहे. प्लॉटही बहुधा रुंद मिळतो.

पण इथे एक गोष्ट आधी खात्री करून घ्या, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. युद्धानंतर विटा आणि गवंडी कमी पडले, म्हणून बरीच घरं कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तुकड्यांतून किंवा पोलादी सांगाड्यावर उभारली. काँक्रीटच्या अशा काही प्रकारांत आतलं लोखंड गंजत गेलं आणि १९८४च्या कायद्याने ती अधिकृतपणे सदोष ठरवली. जोडीतला एक अर्धा दुरुस्त झालेला, दुसरा तसाच, असंही दिसतं, आणि तिथे अनेक कर्ज देणारे हात आखडतात. साध्या विटेचं पारंपरिक घर असेल तर ही चिंता नाही. बाहेरून नंतर चढवलेली विटेची भिंत बघून फसू नका. माळ्यावर मधली भिंत आणि खिडकीच्या खाचेतली भिंतीची जाडी बघितल्यावर सर्व्हेअरला लगेच कळतं. काउन्सिलकडेही बांधकामाच्या प्रकाराची नोंद मागता येते. शेजारचं अर्धं अजून काउन्सिलच्याच मालकीचं असेल तर छप्पर किंवा धुराड्याच्या कामाला त्यांच्याशी पत्रव्यवहार करावा लागेल. तो सावकाश चालतो, पण ते पैसे बुडवत नाहीत.

सासू-सासऱ्यांसाठी खाली खोली काढायची, तर नियम तिन्ही घरांना जवळपास सारखे आहेत. सेमीला मागे एकमजली बांधकाम मूळ मागच्या भिंतीपासून ३ मीटरपर्यंत पूर्ण परवानगीशिवाय करता येतं, आधी काउन्सिलला कळवून शेजाऱ्यांचा आक्षेप मागवण्याची प्रक्रिया केली तर ६ मीटरपर्यंत. ‘मूळ’ म्हणजे घर बांधलं तेव्हाचं, किंवा १ जुलै १९४८च्या आधीचं असेल तर त्या दिवशी होतं तसं. आधीच्या मालकाने वाढवलेलं या ३ किंवा ६ मीटरमध्येच धरलं जातं, त्यामुळे तुमच्या वाट्याला कधीकधी काहीच उरत नाही. माळ्यावर खोली करायची असेल तर सेमीला ५० घनमीटरची मर्यादा आहे, पण जिना चढायचा असल्याने तुम्हाला त्याचा उपयोग मुलांसाठीच. कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपण्यासाठी राखलेल्या भागात, हे नियम आणखी कडक होतात, पिनरच्या बाजूला असे भाग आहेत.

१९९६चा पार्टी वॉल (सामाईक भिंतीचा) कायदा त्याहून वेगळा आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. परवानगी काउन्सिल देते, पार्टी वॉलची नोटीस तुम्ही शेजाऱ्याला द्यायची. सामाईक भिंतीत तुळई घालायची किंवा तिला हात लावायचा तर दोन महिने आधी. शेजारच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत तिच्या पायापेक्षा खोल खणायचं तर एक महिना आधी. त्याने १४ दिवसांत लेखी होकार दिला नाही, तर वाद आहे असं धरून सर्व्हेअर नेमावे लागतात आणि त्यांची फी बहुधा काम करणाऱ्याने भरायची. म्हणून नोटीस पाठवण्याआधी चहाला बोलावून नकाशा दाखवा. पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांत सामाईक भिंतीवरून पिढ्यानपिढ्या खटले चालले, सासऱ्यांच्या मनात तेच असणार. इथे निदान भिंतीला हात लावायच्या आधी काय करायचं हे कायद्यात लिहिलेलं आहे, आणि कामाआधीची भिंतीची स्थिती फोटोंसह नोंदवून ठेवता येते. हे त्यांना समजावून सांगितलंत तर त्यांचा विरोध बराच मावळेल असं वाटतं.

तिन्ही घरं न बघता मी एकाचं नाव घेऊन शिफारस करणार नाही. पण तुमची गरज धरून क्रम लावायचा तर: १९५०चं घर साध्या विटेचं निघालं तर आधी ते. रेनर्स लेनचं दुसरं, तेही बे सरळ असेल, वाटेच्या हक्काचे कागद स्वच्छ असतील आणि मागे वाढवायला ३ मीटर शिल्लक असतील तर. वॉटफर्डचं घर देखणं असेल, पण भरीव भिंती, उंच जिना आणि चुन्याची कामं सांभाळायला वेळ आणि माहीतगार गवंडी हवा. घरात वयस्क माणसं आणि लहान मुलं असताना ती जबाबदारी पहिल्याच घरात घेऊ नये, असं माझं मत आहे.

साउथ हॅरोला पुन्हा जा, पण शनिवारी दुपारी नको. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातनंतरची वेळ मागा, शेजारी घरी असतात तेव्हाची. मधल्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत दहा मिनिटं न बोलता उभ्या राहा. मग बाहेर येऊन दोन्ही घरांचं छप्पर, धुराडं आणि दारं एकाच फोटोत येतील असा फोटो काढा आणि इथे टाका, मी बघून सांगते.